लाइव्ह व्हिडिओ ठरावीक वेळाने तुटतोय? स्पीड टेस्ट राहू द्या, आधी घड्याळ लावा

लक्षण असं. स्ट्रीम सुरळीत चालू असते. मध्येच चित्रात करडे-हिरवे चौकोन उमटतात किंवा चित्र जागच्या जागी गोठतं, आवाज एकदा खरडतो आणि दोन-तीन सेकंदांत सगळं परत ठीक. कोणीतरी म्हणतं, “नेट गेलं असेल.” थोड्या वेळाने पुन्हा तेच. स्पीड टेस्ट मारली तर अपलोड ८० मेगाबिट दाखवते आणि स्ट्रीमला लागतात जेमतेम ४. मग अडतंय कुठे?

“ऐंशी मिळतायत, चार पाठवतोय, तरी तुटतंय” ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की पुढचं वाक्यही मला पाठ आहे: “प्लॅन मोठा घेऊ का?” नका घेऊ. स्पीड टेस्ट दहा-पंधरा सेकंदांची सरासरी सांगते. त्या दहा सेकंदांतले २०० मिलिसेकंद पार गायब झाले तरी आकडा दोन टक्क्यांनी खाली येईल, कोणाच्या लक्षातही येणार नाही. थेट व्हिडिओत तेवढ्या वेळात सेकंदाला ३० च्या हिशोबाने ६ फ्रेम अडकलेल्या असतात. तुमचा प्रश्न सरासरीचा नाहीच, मधल्या खड्ड्यांचा आहे. आणि खड्डे किती अंतराने येतात हे कळलं की ते कोणी खणले हेही बहुतेक वेळा कळतं.

वही, पेन आणि दोन पिंग

एका कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण होतं. कॅमेरा, त्याला जोडलेला एन्कोडिंगचा (चित्र दाबून पाठवण्याजोगं करणारा) लॅपटॉप, लॅपटॉप वायफायवर आणि तिथून एसआरटी या थेट व्हिडिओ पाठवायच्या पद्धतीने बाहेरच्या सर्व्हरकडे. सोबतचा पोरगा दर थोड्या वेळाने सांगायचा, “दादा, परत अडकलं.” तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याला बिटरेटला, म्हणजे सेकंदाला किती डेटा पाठवायचा त्या आकड्याला, हात लावू दिला नाही. म्हटलं, आता फक्त वेळ लिही, सेकंदासकट. अर्ध्या तासात त्याच्या कागदावर असं काही होतं: १०:०४:१०, १०:०६:११, १०:०८:११, १०:०९:३७, १०:१०:१२, १०:१२:१२.

मधला ९:३७ सोडला तर दर दोन मिनिटांनी. दोन मिनिटांचं वेळापत्रक हवामान पाळत नाही, गर्दी पाळत नाही, इंटरनेट पुरवणाऱ्याची लाइनही पाळत नाही. वेळापत्रक पाळतं ते सॉफ्टवेअर.

लिहिता लिहिता दुसरं काम करायचं: पाठवणाऱ्या मशीनवर दोन पिंग (समोरून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) एकाच वेळी चालू ठेवायचे. एक फक्त स्वतःच्या राउटरला, दुसरा बाहेरच्या सर्व्हरला. सेकंदाला एक पिंग पुरत नाही, कारण २०० मिलिसेकंदांचा खड्डा दोन पिंगांच्या मधून सहज निसटतो. सेकंदाला पाच ठेवा. लिनक्सच्या पिंगला मोठ्या ‘डी’चा पर्याय दिला की प्रत्येक ओळीपुढे वेळ छापली जाते, मग कागदाशी ताळा करणं सोपं जातं. राउटरच्या पिंगमध्येच उसळी दिसली तर दोष तुमच्या हवेतल्या टप्प्यात, म्हणजे वायफायमध्ये. राउटरचा पिंग सपाट आणि बाहेरचा उसळतोय, तर दोष त्यापुढे. दोन्ही सपाट आणि तरी चित्र फाटतंय, तर नेटवर्कला शिव्या देणं थांबवा. दोष घेणाऱ्या किंवा पाठवणाऱ्या मशीनच्या पोटात आहे. ही तिसरी शक्यता फार कमी लोक तपासतात.

आमच्याकडे राउटरचा पिंग एरवी २-३ मिलिसेकंदांचा होता आणि दर दोन मिनिटांनी दोन-तीन ओळी २०० च्या पुढे जात होत्या. लॅपटॉपचं वायफाय कार्ड अधूनमधून चालू चॅनल सोडून बाकीच्या चॅनलांवर कोण आहे ते बघून येत होतं. याला बॅकग्राउंड स्कॅन म्हणतात. वेब बघताना हे जाणवतही नाही. ॲपलच्या मशीनवर एअरड्रॉपसाठी लागणारी एडब्ल्यूडीएल ही सोय असाच खोडसाळपणा करते: रेडिओ ठरावीक तालात दुसऱ्या चॅनलवर जाऊन येतो आणि पिंग झिगझॅग दिसतो. लोकेशन सेवा आणि उघडी ठेवलेली ‘उपलब्ध नेटवर्क’ची खिडकी यांनीही स्कॅन सुरू होतो. ती खिडकी उघडी ठेवून “सिग्नल तर पूर्ण आहे” म्हणणारे मी पाहिलेत. सिग्नल बघण्यानेच स्ट्रीम तुटत होती.

उपाय? केबल. लॅपटॉप राउटरला तारेने जोडला की हा सगळा अध्याय संपतो. केबल शक्य नसेल तर स्कॅन बंद करा, एअरड्रॉप आणि लोकेशन बंद करा, आणि जमलं तर पाठवणाऱ्या मशीनला ओळखीचं एकच नेटवर्क आणि एकच ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) ठरवून द्या, म्हणजे ते उगाच नवं स्थळ बघत फिरणार नाही.

कालावधीवरून चोर

दोन मिनिटांचं झालं. बाकीचे कालावधीही बोलके असतात. माझ्या वहीतले काही सांगतो.

दर दोन सेकंदांनी, किंवा तुम्ही की-फ्रेमचं जे अंतर ठेवलंय त्या अंतराने चित्र हलकं झटका खातं? मग की-फ्रेमच दोषी. एच.२६४ या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीत की-फ्रेम संपूर्ण चित्र घेऊन येते, बाकीच्या फ्रेम फक्त बदल सांगतात. ४ मेगाबिटच्या स्ट्रीममध्ये सरासरी फ्रेम १७ किलोबाइटच्या आसपास, म्हणजे १३ पॅकेट (नेटवरून जाणारे डेटाचे छोटे तुकडे). की-फ्रेम याच्या सहापट धरली तर ७५-८० पॅकेट एका दमात बाहेर पडतात. नळ तोच आणि बादली एकदम ओतली. वाटेतला एखादा छोटा बफर (पॅकेट थांबवून ठेवायची जागा) तेवढ्यापुरता भरतो आणि शेवटची पॅकेट सांडतात. खात्री करायची असेल तर की-फ्रेमचं अंतर दोनाचं चार सेकंद करा. झटक्याचं अंतरही चार झालं की निकाल लागला. मग एन्कोडरचा व्हीबीव्ही बफर (एका दमात किती डेटा सोडायचा ती मर्यादा) लहान करा आणि पॅकेट समान अंतराने सोडणारी पेसिंगची सोय असेल तर ती लावा. एक्स२६४ या एन्कोडरमध्ये इंट्रा-रिफ्रेश नावाचा पर्याय आहे. त्यात पूर्ण की-फ्रेम एकदम न पाठवता चित्राची उभी पट्टी फ्रेममागून फ्रेम ताजी होत जाते आणि उसळी जवळपास नाहीशी होते.

सुमारे १७२ सेकंदांनी? हा माझा आवडता. आरटीपी ही थेट आवाज-चित्र पाठवायची पद्धत, तिच्या प्रत्येक पॅकेटवर १६ बिटांचा अनुक्रमांक असतो, ६५,५३५ पर्यंत जाऊन तो परत शून्यावर येतो. ४ मेगाबिटला, १३१६ बाइटच्या पॅकेटने, सेकंदाला ३८० पॅकेट निघतात. ६५,५३६ भागिले ३८० म्हणजे साधारण १७२ सेकंद. घेणाऱ्या बाजूच्या सॉफ्टवेअरने हा फेरा नीट सांभाळला नसेल तर दर पावणेतीन मिनिटांनी त्याला वाटतं, सगळी पॅकेट मागे गेली. पडताळा सोपा आहे: बिटरेट दुप्पट करा. कालावधी निम्मा झाला तर आकडा फिरतोय. स्कॅनला बिटरेटशी काही देणंघेणं नसतं, तो दोन मिनिटांचा दोनच राहतो.

बरोबर तासाने सगळं एकदम क्षणभर जातं? राउटरचं ‘ग्रुप की’ (सगळ्या उपकरणांची सामायिक वायफाय किल्ली) बदलण्याचं अंतर बघा, अनेक राउटरांत ते ३६०० सेकंद असतं. चांगली उपकरणं नवी किल्ली गुपचूप घेतात, काही जुने कॅमेरे मात्र तिथे अडखळून परत जोडणी करतात.

तेरा तास पंधरा मिनिटांनी? आरटीपीचा ३२ बिटांचा टाइमस्टॅम्प ९० किलोहर्ट्झच्या घड्याळावर तेवढ्याने फिरून शून्यावर येतो. साडेसव्वीस तासांनी? एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीम या प्रसारणासाठी व्हिडिओ बांधायच्या पद्धतीतला ३३ बिटांचा वेळेचा शिक्का त्या सुमारास फिरतो. चोवीस तास चालणाऱ्या चॅनलवर “रोज थोडं उशिरा तुटतं” अशी तक्रार आली की मी हाच गुणाकार करतो: काल नऊला, आज साडेअकराला, उद्या दोनला. दरवेळी अडीच तास पुढे. असल्या रोगावर राउटर बदलून काय होणार? घेणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती लावा, नाहीतर रोज सोयीच्या वेळी स्ट्रीम स्वतःहून पुन्हा सुरू करा.

आणि एक सावकाश मरणारा प्रकार. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि घेणाऱ्याचं घड्याळ कधीच तंतोतंत जुळत नाहीत. दशलक्षात ५० इतका फरक असला तर तासाला ०.१८ सेकंद घसरण होते. घेणाऱ्याकडे अर्ध्या सेकंदाचा बफर असेल तर पावणेतीन तासांच्या आसपास तो रिकामा होतो, झटका बसतो, बफर परत भरतो आणि चक्र नव्याने सुरू. बफर दुप्पट केल्यावर झटके दुप्पट अंतराने यायला लागले तर नेटवर्क सोडा आणि घड्याळं जुळवायचं बघा.

कालावधी मुळीच नाही, कधीही तुटतं, पण तुटलं की त्या ॲक्सेस पॉइंटवरचे सगळे एकदम जातात आणि मिनिटभर येत नाहीत? ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनल बहुतेक ठिकाणी रडारबरोबर वाटून घेतलेले असतात. राउटरला रडारची चाहूल लागली, खरी किंवा खोटी, की त्याला चॅनल सोडावंच लागतं, आणि नवा चॅनलही याच पट्ट्यातला असेल तर आधी ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. थेट प्रक्षेपणासाठी हे चॅनल वापरू नका. ३६ ते ४८ मध्ये गर्दी असली तरी ती परवडते.

हजारात एक

आता खड्डे नाहीत, वेळापत्रक नाही, तरी चित्रात सतत बारीक चौकोन येत राहतात. आयपर्फ या नेटवर्क मोजणाऱ्या प्रोग्रामने यूडीपीची (पोच न मागता पॅकेट सोडणाऱ्या पद्धतीची) चाचणी घेतली तर नुकसान ०.१ टक्के दाखवतं. हजारात एक पॅकेट. ऐकायला काहीच नाही. (आयपर्फ यूडीपीला बिटरेट सांगितला नाही तर तो १ मेगाबिटवरच चाचणी घेतो. तुमच्या स्ट्रीमइतका आकडा आवर्जून द्या, नाहीतर रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवून रस्ता छान आहे म्हणाल.)

हिशोब करू. सेकंदाला ३८० पॅकेट, की-फ्रेमचं अंतर २ सेकंद, म्हणजे एका गटात ७६० पॅकेट. हजारात एक या दराने, नुकसान विखुरलेलं धरलं, तर त्या ७६० पैकी एकही हरवणार नाही याची शक्यता ४७ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त गटांत कुठेतरी एक भोक. बदल सांगणाऱ्या फ्रेम आधीच्या फ्रेमवर उभ्या असल्याने ते भोक पुढच्या की-फ्रेमपर्यंत पसरत राहतं. नुकसान एक टक्क्यावर गेलं तर नुसती की-फ्रेम शाबूत पोचण्याची शक्यताच निम्म्याहून खाली येते. ०.१ टक्का नुकसान असलेल्या लाइनवर मेल, वेब, फायली सगळं मजेत चालतं, कारण तिथे हरवलेलं परत मागायला सवड असते.

ही सवड विकत घ्यायची असते आणि तिची किंमत असते उशीर. थेट व्हिडिओ भरवशाचा करायचे सगळे उपाय शेवटी या व्यवहारावर येतात.

टीसीपीवर (प्रत्येक पॅकेटची पोच घेणाऱ्या पद्धतीवर) चालणारे प्रकार, उदाहरणार्थ स्ट्रीम पाठवायचं जुनं, १९३५ पोर्टवरचं आरटीएमपी, हरवलेलं पॅकेट येईपर्यंत मागची सगळी रांग अडवून धरतात. चित्र फाटत नाही, गोठतं. शिवाय जुन्या पद्धतीचं टीसीपी नुकसान दिसलं की वेग कमी करतं: जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद आणि १ टक्का नुकसान असेल तर गणिताने हाती येतात १.४ मेगाबिट, मग लाइन ऐंशीची असो की आठशेची. लक्षणावरून हे लगेच ओळखता येतं: चौकोन दिसतात तर खाली यूडीपी आहे, फिरणारं चक्र दिसतं तर खाली टीसीपी.

एसआरटी यूडीपीवर चालतं आणि हरवलेलं तेवढंच परत मागतं. २०१७ मध्ये हायव्हिजन या कंपनीने त्याचा कोड सगळ्यांना खुला केला तेव्हापासून सगळीकडे पसरलंय. पण लोक ते जसं येतं तसंच वापरतात, आणि येतं ते १२० मिलिसेकंद लेटन्सी, म्हणजे मुद्दाम ठेवलेला उशीर, घेऊन. सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन ८० मिलिसेकंद लागत असतील तर १२० मध्ये एकदाच परत मागता येतं. तेही हरवलं तर चित्राला भोक. साधा नियम जाऊन-येऊन वेळेच्या चौपटीचा, म्हणजे इथे ३२०. मी त्यात एक भर घालतो: पिंगच्या नोंदीत दिसलेला सगळ्यात लांब खड्डा. २५० मिलिसेकंदांचा खड्डा असेल तर ३२० पुरणार नाहीत, मी ६०० च्या खाली जात नाही. दोन्ही टोकांना वेगळे आकडे असले तर मोठा लागू होतो, त्यामुळे सर्व्हर तुमच्या हातात नसला तरी तुमच्या बाजूने वाढवून काम होतं.

काही एन्कोडरांत ‘ओव्हरहेड’ नावाचा रकाना असतो, बहुधा २५ टक्के भरलेला. परत पाठवण्यासाठी राखून ठेवलेली ही जागा. २५० मिलिसेकंदांच्या खड्ड्यात ९५ पॅकेट गेली तर ती भरून काढायला ४ मेगाबिटचा चौथा हिस्सा, म्हणजे १ मेगाबिट मिळतो, आणि ९५ पॅकेट त्या दाराने जायला एक सेकंद लागतो. ६०० च्या लेटन्सीत ती अर्धीच पोचतील. लाइन मोकळी असेल तर इथे कंजुषी नको, १०० टक्केसुद्धा ठेवा.

आकडेवारीच्या पानावर दोन रकाने बघायचे. ‘परत पाठवलेली’ वाढतायत आणि ‘टाकून दिलेली’ शून्य आहेत, तर घाबरू नका. यंत्रणा आपलं काम करतेय. टाकून दिलेली एकेक वाढायला लागली की समजा लेटन्सी अपुरी पडतेय, कारण ही पॅकेट दाखवायच्या वेळेपर्यंत पोचलीच नाहीत. पहिला रकाना बघून घाबरलेले फोन मला जास्त येतात.

एफईसीबद्दल थोडक्यात. हा उपाय परत न मागता आधीच जादा पॅकेट पाठवतो. सॅटेलाइटसारख्या एकतर्फी वाटेवर दुसरा पर्याय नाही. वायफायवर मला तो फारसा पटत नाही. एसएमपीटीई २०२२-१ या एफईसीच्या प्रमाणात १० स्तंभांची मांडणी घेतली तर सलग १० पॅकेटांपर्यंतचं नुकसान भरून निघतं. ३८० च्या हिशोबाने ते २६ मिलिसेकंद झाले. वायफायचे खड्डे याच्या कितीतरी पट लांब असतात.

पॅकेट आलं होतं, मशीनने फेकलं

दोन्ही पिंग सपाट असताना फाटणाऱ्या चित्राकडे आता येऊ. वायरशार्क या पॅकेट पकडून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये घेणाऱ्या मशीनवर पकड लावली, आरटीपी स्ट्रीमचं विश्लेषण उघडलं, हरवलेली पॅकेट शून्य. आणि शेजारच्या खिडकीत प्लेअर ओरडतोय की पॅकेट हरवली. दोघं एकाच मशीनवर! मला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी अर्धा दिवस केबल बदलण्यात घालवला होता.

वायरशार्क पॅकेट कार्डाजवळ पकडतं. प्लेअरला ते सॉकेटच्या (प्रोग्रामच्या नेटवर्कशी जोडलेल्या दाराच्या) बफरमधून मिळतं, आणि मधला हा बफर लिनक्सवर सहसा २,१२,९९२ बाइटचा असतो. ऐकायला १६० पॅकेटांची जागा, पण कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रत्येक पॅकेटमागे स्वतःचा खर्चही त्यातच मोजतं, म्हणून प्रत्यक्षात बरीच कमी मावतात. प्लेअर क्षणभर डिकोडिंगमध्ये अडकला आणि नेमकी तेव्हाच की-फ्रेमची लाट आली की बफर भरतो आणि उरलेली पॅकेट कर्नल गुपचूप टाकून देतं. नेटस्टॅट या आज्ञेने यूडीपीची आकडेवारी काढा. ‘रिसीव्ह बफर एरर’ ही ओळ चित्र फाटण्याबरोबर वाढत असेल तर चोर सापडला. ‘आर-मेम-मॅक्स’ ही या बफरची मर्यादा काही मेगाबाइटपर्यंत वाढवा आणि प्लेअरलाही तेवढा बफर मागायला सांगा, नुसती मर्यादा वाढवून भागत नाही, प्रोग्रामने मागावं लागतं. एफएफएमपेग हे व्हिडिओ हाताळायचं साधन वापरत असाल आणि ‘सर्क्युलर बफर ओव्हररन’ असा संदेश येत असेल तर तोही याच घराण्यातला: पॅकेट आत येतायत त्या वेगाने उपसा होत नाहीये. तिथे फिफो (आत आलेल्या पॅकेटांची रांग) मोठा करा, पण आधी प्रोसेसर किती तापलाय ते बघा. गरम होऊन मंदावलेल्या फोनवर किंवा लॅपटॉपवर कितीही मोठा बफर दिला तरी तो भरणारच.

९:३७ चं काय?

कागदावरचा तो एकटा ९:३७. लॅपटॉपला केबल लावल्यावर दोन मिनिटांचा ताल थांबला, पण असे सुटे झटके राहिलेच. आता राउटरचा पिंग १ मिलिसेकंदावर सपाट होता आणि बाहेरचा ४० वरून एकदम ७०० वर जाऊन हळूहळू उतरत होता. खड्ड्याची कडा उभी असते, हा डोंगर होता. असा चढ-उतार दिसला की रांग साचतेय हे ओळखायचं. त्याच नेटवर तिथलाच एक जण छायाचित्रं वर चढवत होता. दरवेळी मूठभर फोटो, दरवेळी डोंगर.

राउटरांत आणि मोडेमांत गरजेपेक्षा मोठे बफर भरून ठेवलेले असतात. १० मेगाबिटच्या अपलोडपुढे १ मेगाबाइटची रांग उभी राहिली तर शेवटच्या पॅकेटला ०.८ सेकंद थांबावं लागतं. पॅकेट हरवत नाही, शिळं होतं, आणि थेट व्हिडिओत शिळं म्हणजे हरवलेलंच. याला बफरब्लोट म्हणतात. २०१२ मध्ये कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी यावर कोडेल ही पद्धत मांडली. तिचं एफक्यू-कोडेल हे रूप आणि त्याच्या पुढचं ‘केक’ नावाचं रूप आता बऱ्याच राउटरांत ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ अशा नावाने मिळतं. ते चालू करून अपलोडचा आकडा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. थोडा वेग सोडून द्यायचा, म्हणजे रांग मोडेममध्ये न साचता तुमच्या राउटरमध्ये साचते आणि तिथे तुमच्या स्ट्रीमला तिची वेगळी ओळ मिळते. आमच्याकडे ती सोय नव्हती. फोटोवाल्याला कार्यक्रम संपेपर्यंत थांबवलं. तेही चालतं.

मोबाइल नेटवर याचीच मोठी आवृत्ती भेटते. टॉवर आणि फोन यांच्यामध्ये हरवलेला तुकडा काही मिलिसेकंदांत परत पाठवला जातो, म्हणून नुकसान जवळपास दिसत नाही. त्याऐवजी जिटर, म्हणजे पॅकेट कमी-जास्त उशिराने पोचणं, दिसतो. वेग सेकंदासेकंदाला बदलतो, आणि ठरलेल्या ४ मेगाबिटला चिकटून राहिलेला एन्कोडर फोनच्याच रांगेत स्वतःला गाडून घेतो. इथे बदलता बिटरेट हवाच, आणि कमाल आकडा चाचणीत मिळालेल्या सर्वांत कमी वेगाच्या निम्म्यावर ठेवावा असं माझं मत आहे. दोन सिम एकत्र बांधणार असाल तर दोन वेगळ्या कंपन्यांची घ्या. एकाच कंपनीची दोन घेतली तर दोन्ही एकाच टॉवरच्या एकाच गर्दीत उभी राहतात.

वायफायशिवाय गत्यंतरच नसेल तर

चॅनलची रुंदी कमी करा. ४ मेगाबिटच्या स्ट्रीमला ८० मेगाहर्ट्झचा पट्टा कशाला हवा? रुंदी निम्मी केली की त्यात येणारा गोंगाट ३ डेसिबलने उतरतो. ८० वरून २० वर आलात तर ६ डेसिबलची कमाई, फुकटात. स्पीड टेस्टचा आकडा पडेल, पडू द्या. २.४ गिगाहर्ट्झवरच राहावं लागलं तर १, ६ किंवा ११ यांतलाच चॅनल घ्या. ३ किंवा ८ वर गेलात तर शेजारच्या दोघांचाही त्रास घ्याल.

आणि मल्टिकास्ट वायफायवर सोडू नका. तारेवर ती उत्तम गोष्ट आहे, एकदा पाठवा आणि सगळ्यांनी घ्या. हवेत मात्र साध्या पॅकेटला पोच मिळते आणि पोच नाही आली तर ते लगेच परत पाठवलं जातं. मल्टिकास्टला पोचच नसते. हरवलं ते हरवलं. वर सगळ्यांत दूरच्यालाही ऐकू जावं म्हणून ॲक्सेस पॉइंट ते खालच्या, संथ वेगाने पाठवतो, आणि जवळपास एखादा फोन झोपेत असेल तर त्याच्या जागं होण्याच्या ठोक्यापर्यंत रोखूनही धरतो. तारेवर निर्मळ चालणारा कॅमेरा वायफायवर आला की चिंध्या होतात त्या यामुळे. ॲक्सेस पॉइंटमध्ये मल्टिकास्टचं युनिकास्ट (प्रत्येकाला वेगळं पाठवणं) करायची सोय असेल तर ती लावा, किंवा कॅमेऱ्यालाच युनिकास्ट सांगा.

काहीही बदललं तर एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि जुन्या कालावधीच्या निदान तिप्पट वेळ वाट बघून मगच “सुटलं” म्हणा. आम्ही केबल लावल्यावर पोराला सहा मिनिटं कागद हातात धरायला लावला होता. १०:४१ पासून १०:४७ पर्यंत दोन मिनिटांच्या ठोक्यावर एकही नोंद आली नाही. मधे एक सुटा झटका आला, १०:४४:५०, फोटोवाल्याचा. तो त्याने लिहिला आणि पुढे कंसात प्रश्नचिन्ह टाकलं.